आप्पांचं स्पॅनिश

"मिस्टर टेंबी, युअर फादर इज सिंगिंग," फोनवर मिस गोह म्हणाली, तेव्हा प्रबोध टेंभेच्या एका हातात रिसिव्हर होता आणि दुसऱ्या हातात केक कापायची प्लॅस्टिकची सुरी. तांजोंग पगारमधल्या एका जुन्या दुकानघराच्या वरच्या मजल्यावर त्याच्या कॅसेट कंपनीचं ऑफिस होतं आणि सगळं ऑफिस त्या केकभोवती गोळा झालं होतं. 'ला ओया' या स्पॅनिश गाण्याला सिंगापुरातल्या खपाबद्दल प्लॅटिनम मिळालं होतं. काचेच्या चौकटीतली रुपेरी तबकडी भिंतीला टेकवून ठेवली होती, तिच्याखाली त्याचं नाव होतं, आणि त्याचा बॉस डेरिक त्याच्या पाठीवर अशा थापा मारत होता की फोनवरचं धड ऐकूही येईना. गातायत? आप्पा? ज्या माणसाच्या तोंडून महिनाभरात पाणी हा शब्दसुद्धा फुटला नव्हता, तो गातोय? मिस गोह म्हणजे हॉस्पिटलात आप्पांना पुन्हा बोलायला शिकवणारी थेरपिस्ट, ती उगाच काही बोलणाऱ्यातली नव्हती. "व्हॉट इज ही सिंगिंग?" त्यानं विचारलं, आणि उत्तर येईपर्यंतच्या क्षणात मनातल्या मनात सगळं घर धुंडाळलं. आरती असेल. तिन्हीसांजेचं स्तोत्र असेल. आई गेल्यावर आप्पा कधीकधी तिची एक ओवी अर्धवट म्हणायचे, ती असेल. मिस गोह हसली. "युअर साँग, लाह. व्हॉट एल्स?"

टॅक्सीत बसल्यावर त्याच्या लक्षात आलं की सुरी हातातच राहिलीय. ती खिशात कोंबून तो बाहेर बघत बसला. बाहेर बघण्यासारखं काही नव्हतं. तिकडं इंडोनेशियात जंगलं जळत होती आणि त्यांचा धूर कित्येक दिवस या शहरावर बसून होता. उंच इमारती कमरेपासून वर पुसून टाकल्यासारख्या दिसत होत्या, भर दुपारी गाड्यांचे दिवे लागले होते, आणि घशात सतत कुणाच्या तरी चुलीची राख असल्यासारखं वाटायचं. टॅक्सीच्या रेडिओवर आधी हवेचा आकडा सांगितला, म्हाताऱ्यांनी घराबाहेर पडू नये असं सांगितलं, आणि मग लागलंच ते. आय, के कालोर एन ला कोसिना, कियेन मुएवे ला ओया. म्हातारा चिनी टॅक्सीवाला एक हात स्टिअरिंगवरून काढून हवेतलं पातेलं ढवळायला लागला. त्या गाण्याच्या व्हिडिओतला नाचच तो होता: मूठ वळायची, तीत डाव आहे असं समजायचं आणि ढवळत सुटायचं. शाळेतल्या पोरी ढवळत होत्या, मॉलमधल्या सेल्सगर्ल ढवळत होत्या, ब्लॉकखालच्या मोकळ्या जागेत सकाळचा व्यायाम करणाऱ्या आज्या तोंडाला धुराचे मास्क लावून रांगेत ढवळत होत्या. एरवी कुणी परका माणूस त्याचं गाणं म्हणताना दिसला की प्रबोधच्या पोटात काहीतरी गोड हलायचं. आज ते हललं नाही. आज त्याला वाटलं, या म्हाताऱ्याला सांगावं की बाबा, दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेव.

त्याला स्वतःला स्पॅनिश ओ की ठो कळत नव्हतं. शहरात कुणालाच कळत नव्हतं, आणि गाण्याचं भाग्य त्यातच होतं. तिकडं स्पेनमध्ये ते दोन वर्षांपूर्वी निघालं आणि आपटलं. पिकतं तिथं विकत नाही म्हणतात, तसं. नमुन्याच्या एका सीडीवर शेवटून दुसरं, अशा अडगळीत ते त्याला सापडलं. डेरिक म्हणाला होता, कुठल्या तरी जाड आवाजाच्या बाईचं परक्या भाषेतलं गाणं, आपल्याकडं कोण घेणार? पण ते कानामागून आलं आणि तिखट झालं. बाजार कोसळत होता, बँका माणसं कमी करत होत्या, धुरामुळं लोक घरात आणि मॉलमध्ये कोंडले गेले होते, आणि सगळ्यांना असं काहीतरी हवं होतं ज्याचा अर्थ लावायची गरज नाही. वर्तमानपत्रांनी प्रबोधला विचारलं, तुम्ही हे ओळखलंत कसं? त्यावर तो जे सांगायचा ते आता सगळ्यांना पाठ होतं.

गाण्यांच्या धंद्यात त्याचा एकच नियम होता आणि तो त्यानं मुंबईहून आणला होता: विचारायचं नाही, ऐकायचं. गाणं कसं वाटलं असं विचारलं की माणसं खोटं बोलतात. तुमचा चेहरा बघून बोलतात, स्वतःची पत राखून बोलतात. त्यापेक्षा गाणं घरात वाजत ठेवावं, त्याबद्दल अवाक्षर काढू नये आणि वाट बघावी. चार-पाच दिवसांनी कुणीतरी कणीक मळताना, बुटाची नाडी बांधताना, आंघोळ करताना ते नकळत गुणगुणतं. ते खरं. गुणगुणणारा माणूस खोटं बोलूच शकत नाही, असं तो मीटिंगमध्ये सांगायचा आणि पोरं टिपून घ्यायची. गिरगावातल्या दोन खोल्यांत नीता पोळ्या लाटताना जे गुणगुणायची, त्या कॅसेटा खपायच्या. लग्नाला वर्ष झाल्यावर ती एकदा म्हणाली होती, "तू मला कधी काही विचारतच नाहीस रे. नुसता कान लावून बसतोस, चोरासारखा." तो हसला होता. त्याला ती तारीफ वाटली होती.

आणि यंदा आप्पा आले. आई मार्चमध्ये गेली, साताऱ्याच्या घरात आप्पा एकटे, बहीण स्मिता तिच्या संसारात. तेव्हा थोडे दिवस हवापालट म्हणून प्रबोधनं त्यांना इकडं आणलं. थोड्या दिवसांचे महिने झाले, व्हिजिट पास वाढवून घेतला. आयुष्यभर शाळेत मराठी शिकवलेला माणूस. कोणी शब्द चावून बोललं की त्यांच्या कपाळावर आठी. इथं क्लेमेंटीच्या फ्लॅटमध्ये त्यांच्याशी दिवसभर बोलायला कुणी नव्हतं. नीता बँकेत, ऋता शाळेत, आणि संध्याकाळी नात घरी आली तरी आजोबांच्या लांबलचक मराठी प्रश्नाला "ओके, आजोबा, कॅन" एवढंच उत्तर देऊन आपल्या खोलीत. उरला तो प्लेअर. प्रबोधनं 'ला ओया' त्यावर लावून दिलं होतं, संपलं की पुन्हा सुरू व्हावं असं करून. त्याचा हिशेब एवढाच की संध्याकाळी घरात माणसं असतील तेव्हा ते वाजेल. आप्पा ते सकाळपासून चालू ठेवत. नीतानं एकदा जेवायच्या वेळी घरी येऊन पाहिलं तर म्हाताऱ्या माणसानं कानात कापसाचे बोळे घातलेले आणि गाणं चाललेलं. "अहो आप्पा, बंद करायचं ना!" तर म्हणाले, "प्रबोधच्या कामाचं आहे ते. आपण कसं बंद करायचं?" हे नीतानं त्याला रात्री सांगितलं आणि दोघंही हसली. आपली माणसं अशीच. मुलाच्या नोकरीला देवघरासारखं मानायचं, तिच्यापुढं पाय पसरून बसायचं नाही.

मग एका संध्याकाळी तो दार उघडून आत आला, बूट काढायला वाकला, आणि तसाच वाकलेला राहिला. जेवणाच्या टेबलाशी आप्पा गवार मोडत बसले होते आणि गुणगुणत होते. कियेन मुएवे ला ओया. स्वच्छ, सुरात, प्रत्येक अक्षर वेगळं. अख्ख्या शहरात त्या वेळी प्रबोधइतका सुखी माणूस नसेल. "आप्पा, पास!" तो ओरडला. "काय पास?" आप्पा दचकून म्हणाले आणि गप्प झाले, चोरी पकडल्यासारखे. त्यानं सांगितलं नाही. नियम म्हणजे नियम. दुसऱ्या दिवशी मीटिंगमध्ये मात्र सांगितलं: माझा बाप, वय चौऱ्याहत्तर, मराठीचा मास्तर, सिनेमाचं गाणंसुद्धा ज्याला चालत नाही, तो हे गुणगुणतोय. डेरिकनं टेबलावर मूठ आपटली. गाणं निघायचं ठरलं ते त्या गवारीच्या शेंगांवर.

पुढचे आठवडे धावपळीत गेले. एका रविवारी सकाळी आप्पा इस्त्रीचा शर्ट घालून हॉलमध्ये येऊन बसले. घरातल्या घरात इस्त्रीचा शर्ट. "प्रबोध, जरा बोलायचं होतं." तो कागद बाजूला सारून समोर बसला, खरंच बसला. आप्पांनी घसा साफ केला, गॅलरीच्या कठड्यापलीकडं बघितलं, तिथं धुरानं समोरचा ब्लॉकच दिसेनासा केला होता. मग त्याच्याकडं बघून हसले. "राहू दे. तुझ्या डोक्यात आत्ता गाणं आहे. ते एकदा निघू दे, मग सांगतो. तसं घाईचं नाही." प्रबोधनं विचारलं नाही काय ते. विचारायचं नसतं, ते आपणहून येतं, असा त्याच्या अंगात मुरलेला विश्वास. ज्या दिवशी गाणं निघालं त्या दिवशी दुपारी आप्पा अर्धांगाचा झटका येऊन स्वयंपाकघरात पडले. नीतानं हॉटेलात, समारंभात फोन केला, तेव्हा तो माइकवर गवारीची गोष्ट सांगत होता.

नोव्हेनाला, हॉस्पिटलच्या दारात, टॅक्सी थांबली. वॉर्डात शिरण्याआधीच त्याला हसणं ऐकू आलं. आप्पांच्या कॉटभोवती दोन नर्सा, शेजारच्या चिनी आजोबांची सून, आणि मध्ये मिस गोह, हातानं आप्पांच्या डाव्या मनगटावर ठेका देत. उजवी बाजू मेल्यासारखी पडलेली, ओठ एकीकडं ओढलेला, आणि त्या वाकड्या ओठांतून ते येत होतं. आय, के कालोर एन ला कोसिना. एकही अक्षर खाल्लेलं नव्हतं. महिनाभरानं ऐकलेला बापाचा आवाज. प्रबोधला रडू फुटलं. तो लाजला नाही, तोंड फिरवलं नाही, तिथंच कॉटचा दांडा धरून रडला. आप्पांनी त्याला पाहिलं, डोळे मोठे झाले, त्यांनी मान उचलायचा प्रयत्न केला आणि आणखी जोरात म्हणायला लागले, डावा हात हवेत फिरवत. "सी, ही इज डूइंग द डान्स ऑल्सो!" नर्स म्हणाली आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मिस गोहनं त्याला कॉरिडॉरमध्ये नेऊन समजावलं. बोलणं मेंदूच्या ज्या भागात असतं तिथं मार बसलाय. गाणं दुसरीकडं असतं, तिथून ते वाट काढतं. पुष्कळ पेशंट प्रार्थना म्हणतात, लहानपणची गाणी म्हणतात. "युअर फादर व्हेरी मॉडर्न," ती म्हणाली. ही वाट धरून कदाचित शब्द येतील, त्याच चालीवर रोजचे शब्द बसवून बघा. घरच्या भाषेत. कीप ट्रायिंग, हां.

बुडत्याला काडीचा आधार. त्या संध्याकाळपासून प्रबोध रोज ऑफिस सुटल्यावर कॉटशेजारी बसून त्या चालीवर मराठी म्हणू लागला. पाणी हवं का, आप्पा, पाणी हवं का. पाय दुखतो का, आप्पा, पाय दुखतो का. आप्पा टक लावून त्याच्या तोंडाकडं बघत, जसे ते एके काळी पोरांच्या तोंडाकडं बघत असतील. ओठ हलत, गळ्याची शीर फुगे, आणि बाहेर यायचं ते कियेन मुएवे ला ओया. नीतानं आरतीची चाल लावून पाहिली, पाढे लावून पाहिले, पावकी-निमकीसुद्धा, जी म्हणे मास्तर झोपेत म्हणतील. काही नाही. ज्या घरात ते गेले कित्येक महिने सकाळपासून संध्याकाळपर्यंत एकटे बसले होते, तिथलं एकच काय ते त्यांच्यात खोल गेलं होतं. हे प्रबोधच्या मनात येई आणि तो ते बाजूला सारी. स्मिता साताऱ्याहून फोन करायची. "बोलले का रे?" तिचा पहिला प्रश्न हाच. एकदा त्यानं मोबाईल आप्पांच्या तोंडाशी धरला. पलीकडं तिनं ते शेवटपर्यंत ऐकलं. मग ती म्हणाली, "हे काय, दादा?" त्यानं सांगितलं हे काय ते. "आणि त्यांना सांगायचं काय होतं मग? त्या रविवारी?"

"माहीत नाही."

"आईचं वर्षश्राद्ध आपल्या घरी करायचं असेल. मार्चमध्ये. दुसरं काय असणार?"

"असेल."

"असेल काय, दादा! तू विचारलं नाहीस?"

तिला वर्षश्राद्ध वाटत होतं. नीताला वाटत होतं, त्यांना परत जायचं होतं आणि आपण दुखावू म्हणून जीभ रेटत नव्हती. प्रबोधला रोज वेगळं वाटे. कधी वाटे, साताऱ्याचं घर विकून टाक म्हणणार होते. कधी वाटे, उलट, इथंच राहू का असं विचारणार होते, आणि तेवढं विचारायला इस्त्रीचा शर्ट घालावा लागला. एकदा भर मीटिंगमध्ये त्याच्या मनात आलं की आपण त्यांना काय मानतो हेच त्यांना विचारायचं असेल. डॉक्टरांनी सांगितलं होतं की पुढचा झटका कधीही येऊ शकतो, आणि आलाच तर हा आवाजही राहील असं नाही. तेव्हा आत्ताच. जे काय निघायचं ते आत्ताच निघायला हवं होतं. वेडाच्या भरात त्यानं माद्रिदच्या ऑफिसला फॅक्स केला: या गाण्याचा अर्थ काय? इतके दिवस विकताना त्याला तो प्रश्न पडला नव्हता. कुणास ठाऊक, आप्पांनी एवढ्या सगळ्यातून तेच धरून ठेवलं त्यात काही संकेत असेल. उत्तर आलं, बरोबर अभिनंदनही आलं. किती गं उकाडा या स्वयंपाकघरात, पातेलं कोण ढवळतंय. बस, एवढंच, कडवंभर तेच. तो कागद हातात घेऊन तो हसला, आणि त्या हसण्याची त्याला भीती वाटली.

वॉर्डात मात्र आप्पांचा बोलबाला झाला होता. "अंकल ला ओया," नर्सा त्यांना म्हणत. इतर वॉर्डांतले पेशंट व्हीलचेअरवरून ऐकायला येत. ऋता, जी इतके महिने आजोबांच्या खोलीत पाच मिनिटं बसली नव्हती, ती मैत्रिणींना घेऊन आली, कॉटसमोर उभी राहून नाचली. "आजोबा सो कूल, लाह!" ती बाबाला म्हणाली, आणि तिच्या डोळ्यांत खरं प्रेम होतं, तिला प्रथमच आजोबांची भाषा कळत होती. आप्पांनी तिच्याकडं पाहून ते म्हटलं, हात फिरवला, पुन्हा म्हटलं. एकट्या नीताला ते बघवेना. "मला नाही रे हे बरं वाटत," ती जिन्यात म्हणाली. "ते थकतात. नर्स सांगते, रात्री दिवे मालवल्यावर भिंतीकडं तोंड करून म्हणत असतात. हळू. पुन्हा पुन्हा." प्रबोध म्हणाला, सराव करत असतील, मास्तरच ते. त्याला वाटत होतं, येतोय, शब्द येतोय.

डेरिकला ही गोष्ट कळणारच होती. प्रबोधनंच सांगितली, केकच्या दिवशी मध्येच का पळालास म्हणून त्यानं विचारलं तेव्हा. डेरिक माणूस वाईट नव्हता. त्यानं आधी आप्पांसाठी फळांची करंडी पाठवली, मग दोन दिवसांनी दार लोटून आत आला. "प्रबोध, आय कान्ट स्लीप, यू नो. द सेम अंकल! ज्यानं पहिल्यांदा गुणगुणलं, त्याचाच आवाज त्याच गाण्यानं परत आला. हू कॅन राइट लाइक धिस?" एका पेपरचा फोटोग्राफर तयार होता. हॉस्पिटलची परवानगी डेरिक काढणार होता. धूर, मंदी, सगळीकडं वाईट बातम्या. लोकांना काहीतरी चांगलं वाचू दे. नाही म्हणायला प्रबोधकडं कारण नव्हतं. खरं तर त्याच्या मनात एक कोपरा असा होता ज्याला ते हवं होतं. पेपरात छापून आलं असतं की याच्या गाण्यानं याच्या बापाला बोलतं केलं, मग ते तसं झालं असतं. आणि तो रविवार, ते गॅलरीकडं बघणं, सगळं मिटलं असतं. "सॅटर्डे कॅन?" डेरिक म्हणाला. "कॅन," प्रबोध म्हणाला.

शनिवारी दुपारी नर्सांनी आप्पांना स्वच्छ करून, केस विंचरून, उशांना टेकवून बसवलं होतं. नीता आली नाही. डोकं दुखतंय म्हणाली. फोटोग्राफर तरुण मलाय होता, नम्र, त्यानं आप्पांना वाकून सलाम केला. डेरिकनं ती रुपेरी तबकडी त्यांच्या मांडीवर उभी धरली, तिच्यात आप्पांचा वाकडा चेहरा दिसत होता. खिडकीबाहेर पिवळट, मेलेला उजेड. मिस गोहनं मनगटावर ठेका धरला. आय, के कालोर. आलं. लगेच आलं. फ्लॅश पडला, शेजारच्या कॉटवरून टाळी आली, आप्पांचा डावा हात वर उचलला गेला आणि फिरू लागला. "व्हेरी नाइस, अंकल, वन मोअर," फोटोग्राफर म्हणाला.

प्रबोध कॉटच्या डोक्याशी उभा होता. सगळे आप्पांच्या तोंडाकडं बघत होते, म्हणून असेल, तो हाताकडं बघत राहिला. नाचात मूठ वळायची असते. आप्पांची मूठ वळलेली नव्हती. तळवा उघडा होता, समोर केलेला, बोटं जुळलेली, आणि तो गोल फिरत नव्हता, आडवा जात होता. डावीकडून उजवीकडं, मग खाली, पुन्हा डावीकडून. हे त्यानं पाहिलं होतं. सातवीचा वर्ग, शेवटचा बाक, आणि बापाच्याच तासाला उभा राहून त्यानं काहीतरी चुकीचं म्हटलेलं. आप्पा रागावत नसत. नुसता तळवा असा हवेत ओढत, फळा पुसल्यासारखा. पुसा ते. पुन्हा म्हणा. आणि पोरगं पुन्हा म्हणायचं, चुकलं तर पुन्हा तळवा, पुन्हा. आय, के कालोर, असं आप्पा म्हणाले आणि तळव्यानं पुसलं. कियेन मुएवे ला ओया, आणि पुसलं. हे गाणं नव्हतंच. या माणसानं इतक्या दिवसांत एकदाही गाणं म्हटलेलं नव्हतं. तो बोलत होता. दिवसाचे सगळे तास, रात्री भिंतीकडं तोंड करून, प्रत्येकाशी बोलत होता, ऋताशी, नर्सांशी, फोनवर स्मिताशी, आणि तोंडातून दर वेळी हे असं बाहेर पडताना स्वतःच्या कानांनी ऐकत होता. आणि दर वेळी आम्ही टाळ्या वाजवल्या.

"आप्पा," तो खाली वाकून म्हणाला. चाल न लावता, साधं. "आप्पा, त्या रविवारी काय सांगायचं होतं?"

आप्पांचा हात थांबला. त्यांनी मान वळवून त्याच्याकडं पाहिलं, आणि त्या नजरेत कसलाही गोंधळ नव्हता. आप्पा तिथं होते, पूर्ण, इस्त्रीच्या शर्टातले. त्यांनी श्वास घेतला. ओठ जुळवले, सैल सोडले, पुन्हा जुळवले. शब्द कपाळापर्यंत आलेला दिसत होता. प्रबोधनं आपले ओठही त्यांच्यासारखे जुळवले. आणि मग ते आलं. आय, के कालोर एन ला. आप्पांनी ते ऐकलं. त्यांच्या चेहऱ्यावर जे उमटलं ते प्रबोधनं बापाच्या चेहऱ्यावर उभ्या जन्मात पाहिलं नव्हतं: भरल्या वर्गात धोतर सुटावं तशी लाज. डावा हात उचलून त्यांनी स्वतःचं तोंड झाकलं.

"एनीथिंग राँग?" डेरिकनं विचारलं. फोटोग्राफर डोळ्याला कॅमेरा लावूनच थांबला होता. "सॉरी, सर, अंकलला हात खाली घ्यायला सांगाल? फेस दिसत नाही."

"नो," प्रबोध म्हणाला.

"जस्ट वन शॉट, प्रबोध."

"नो," तो म्हणाला, आणि कॅमेऱ्याकडं पाठ करून, कॉट जेवढी झाकता येईल तेवढी झाकून उभा राहिला. डेरिकनं तबकडी उचलली. मिस गोहनं मनगटावरचा ठेका सोडला होता, शेजारच्या चिनी आजोबांची सून पुढं येऊन बघत होती. प्रबोधनं आप्पांच्या त्या हातावर आपला हात ठेवला. आता काही म्हणू नका, आप्पा, असं त्याला म्हणायचं होतं, पण तेही म्हणवेना. आप्पा त्याच्या डोळ्यांत बघत होते, तोंड घट्ट दाबून, जेवढा जोर त्या एका हातात उरला होता तेवढा सगळा लावून. आणि बोटांच्या फटींतून ते येतच होतं, सुरात, एकही अक्षर न खाता.